ऑकलंडच्या फाटकाशी उभ्या असलेल्या 'दिल्ली'च्या तोफा

दर्याकाठ

ऑकलंड शहराच्या धक्क्यावरून डेव्हनपोर्टला जाणारी फेरीबोट दहा-बारा मिनिटांत पलीकडे पोहोचवते. धक्क्यावर उतरून डाव्या हाताला पाण्याच्या कडेने चालत गेले की न्यूझीलंड नौदलाचा तळ लागतो आणि त्याच्या प्रवेशाशी, जमिनीवर बसवलेला, दोन नळ्यांचा एक करडा तोफमनोरा दिसतो. हा मनोरा 'एचएमएनझेडएस अकिलीस' या क्रूझरचा, म्हणजे मध्यम आकाराच्या युद्धनौकेचा आहे, असे तिथला कोणीही सांगेल. मात्र हा मनोरा समुद्रावरून शेवटचा उतरला तो मुंबईत, 'आयएनएस दिल्ली'च्या, म्हणजे पुढे भारताकडे आलेल्या त्याच नौकेच्या, पिछाडीवरून, हे सांगणारा मला त्या दिवशी कोणी भेटला नाही. या धाग्याचे कारण तेवढेच आहे.

माझे वडील मुंबईच्या नौदल गोदीत फिटर होते. सकाळी डबा घेऊन निघताना ते आईला 'आज दिल्लीवर आहे' असे सांगत आणि आम्ही भावंडे बरीच वर्षे असे समजत होतो की वडील रोज दिल्लीला जाऊन संध्याकाळी परत येतात. नौका मोडीत निघाली त्या वर्षी ते एकदाच म्हणाले होते, की तिचा एक मनोरा न्यूझीलंडला देणार आहेत, कारण ती मुळात त्यांची होती. त्यानंतर घरात हा विषय निघाला नाही. गेल्या डिसेंबरात मुलीकडे ऑकलंडला गेलो तेव्हा तिला पहिल्याच आठवड्यात म्हटले, की मला डेव्हनपोर्टला ने.

आता नौकेविषयी. 'अकिलीस' ही ब्रिटिशांच्या लिअँडर वर्गातली हलकी क्रूझर. बर्कनहेडच्या कॅमल लेअर्ड गोदीत बांधलेली ही नौका १९३२ साली पाण्यात उतरली आणि १९३३ साली सेवेत दाखल झाली. सहा इंची तोफांच्या चार जोड्या तिच्यावर होत्या. नाळेकडच्या, म्हणजे पुढच्या टोकाकडच्या, दोन मनोऱ्यांना ए आणि बी म्हणत, पिछाडीकडच्या दोघांना एक्स आणि वाय. ऑकलंडमध्ये आहे तो वाय, म्हणजे अगदी शेवटचा. न्यूझीलंडचे स्वतंत्र नौदल तेव्हा अस्तित्वात नव्हते. ब्रिटिश नौदलाचा न्यूझीलंड विभाग होता आणि त्याच्याकडे ही नौका दिली गेली. खलाशांपैकी निम्म्याहून अधिक न्यूझीलंडचे होते.

१३ डिसेंबर १९३९ रोजी पहाटे दक्षिण अटलांटिकमध्ये, दक्षिण अमेरिकेतल्या प्लेट नदीच्या मुखापासून दूर समुद्रात, 'अकिलीस', 'एजॅक्स' आणि 'एक्झिटर' या तीन क्रूझरची 'अॅडमिरल ग्राफ श्पे' या जर्मन नौकेशी गाठ पडली. 'ग्राफ श्पे'वर २८ सेंटिमीटर व्यासाच्या सहा तोफा होत्या, म्हणजे 'अकिलीस'च्या गोळ्यापेक्षा कितीतरी जड गोळा कितीतरी दूर टाकणाऱ्या. या तीन क्रूझरचे नेतृत्व करणारे कमोडोर हेन्री हारवुड यांनी आपल्या नौका दोन बाजूंना विभागल्या, जेणेकरून शत्रूला आपली मोठी तोफ नेमकी कोणाकडे वळवायची हे ठरवावे लागेल. 'एक्झिटर'ने सर्वाधिक मार खाल्ला आणि तिचे ६१ जण गेले. 'अकिलीस'जवळ पडून फुटलेल्या एका गोळ्याच्या कपच्या नेमसाधनांच्या कक्षात शिरल्या आणि नौकेवरचे चार जण मरण पावले. कॅप्टन एडवर्ड पॅरी यांच्या पायांना जखमा झाल्या आणि तोफखान्याचे अधिकारी रिचर्ड वॉशबर्न जखमी अवस्थेत जागेवर राहून मारा चालवत राहिले. त्या दिवशी 'अकिलीस'ने दोनशेहून अधिक वेळा तोफांच्या फैरी झाडल्या. 'ग्राफ श्पे' उरुग्वेच्या मोंटेव्हिडिओ बंदरात शिरली आणि १७ डिसेंबरला तिच्या कप्तानाने, हान्स लांग्सडोर्फ यांनी, ती स्वतःच्या हाताने बुडवली. न्यूझीलंडच्या नौकेने महायुद्धात शत्रूवर केलेला हा पहिला मारा. ऑकलंडमध्ये त्या मनोऱ्यापुढे उभ्या राहणाऱ्या माणसाच्या डोळ्यांपुढे हा दिवस येतो आणि तो यायलाच हवा.

पण मनोऱ्याचे आयुष्य तिथे संपत नाही. १९४१च्या ऑक्टोबरात न्यूझीलंडचे स्वतःचे नौदल स्थापन झाले आणि नौकेच्या नावामागे त्या देशाचे नाव लागले. ५ जानेवारी १९४३ रोजी सॉलोमन बेटांजवळ एका जपानी विमानाचा बॉम्ब थेट एक्स मनोऱ्यावर पडला आणि १३ जण ठार झाले. वाय मनोरा त्याच्या मागे, एक पायरी खाली, हाकेच्या अंतरावर होता. इंग्लंडमधल्या पोर्ट्समथला दुरुस्तीसाठी गेलेल्या नौकेत जून महिन्यात स्फोट होऊन गोदीतले १४ कामगार गेले. एक्स मनोरा पुन्हा बसवलाच नाही. त्या जागी विमानविरोधी तोफा आल्या. म्हणून ५ जुलै १९४८ रोजी ही नौका भारताने घेतली तेव्हा तिच्यावर तीनच मनोरे होते आणि पिछाडीचा एकटा पहारेकरी वाय हाच होता.

'दिल्ली' ही स्वतंत्र भारताची पहिली क्रूझर. आपल्या नौदलाचे पहिले भारतीय प्रमुख झालेले रामदास कटारी हे त्या वेळी तिच्यावर कार्यकारी अधिकारी होते. १९५० साली पंडित नेहरू इंडोनेशियाच्या भेटीला गेले ते याच नौकेतून. प्लेट नदीच्या लढाईवर १९५६ साली ब्रिटिश चित्रपट निघाला तेव्हा 'अकिलीस'चे काम खुद्द 'दिल्ली'नेच केले, म्हणजे भारतीय खलाशांनी चालवलेली नौका पडद्यावर आपलाच भूतकाळ पुन्हा जगली. आणि १८ डिसेंबर १९६१ रोजी, गोवामुक्तीच्या मोहिमेत, कॅप्टन नीलकंठ कृष्णन यांच्या हाताखाली ती दीवच्या समोर उभी राहिली आणि तिच्या सहा इंची तोफांनी पोर्तुगीज किल्ल्यावर मारा केला. दुसऱ्या दिवशी दीवच्या शिबंदीने शरणागती पत्करली. १९३९च्या त्या लढाईला त्या दिवशी बावीस वर्षे आणि पाच दिवस झाले होते.

३० जून १९७८ रोजी 'दिल्ली' निवृत्त झाली. आता हिशोब पाहा. सेवेत दाखल झाल्यापासून निवृत्तीपर्यंत पंचेचाळीस वर्षे. त्यांपैकी तीस वर्षे भारतीय नौदलात. मनोऱ्याच्या आयुष्याचे दोन तृतीयांश दिवस मुंबईच्या पाण्यात, आपल्या खलाशांच्या हाताखाली, माझ्या वडिलांसारख्या फिटरांच्या पान्याखाली गेले. त्या दोन तृतीयांशांचा उच्चार आपण करायचा नाही, तर कोणी करायचा?

मी हात लावून पाहिला. रंगाचा थर जाड आहे, उन्हाने तापलेला होता आणि पत्र्यांच्या जोडांवर बोट फिरवले की रंगाखालचा उंचवटा लागतो. कोणाच्या हातचा रंग कोणत्या थरात आहे, हे सांगता येणार नाही. मला फक्त एवढे वाटले की त्यातला एखादा थर मुंबईचा असेल.

मीरा_नॉर्थशोअर

धाग्यासाठी मनापासून धन्यवाद. मी ऑकलंडमध्ये चौदा वर्षे राहते आणि त्या मनोऱ्यावरून शेकडो वेळा गेले आहे. तो 'अकिलीस'चा आहे हे मला ठाऊक होते, पण 'अकिलीस' म्हणजेच 'दिल्ली' हे आज प्रथम कळले. माझे माहेर माझगावचे आहे, म्हणजे मी ज्या गोदीच्या भोंग्यावर वाढले तिथेच ही नौका तीस वर्षे ये-जा करत होती. हे कळल्यावर थोडा वेळ मला काही सुचले नाही.

इथल्या लोकांच्या बाजूने एक गोष्ट सांगावीशी वाटते. 'अकिलीस' लढाईनंतर २३ फेब्रुवारी १९४० रोजी ऑकलंडला परतली तेव्हा क्वीन स्ट्रीटवरून खलाशांची मिरवणूक निघाली होती आणि तिला सारे शहर लोटले होते. माझ्या शेजारी राहणाऱ्या वृद्ध बाई तेव्हा पाच वर्षांच्या होत्या; वडिलांच्या खांद्यावर बसून पाहिल्याचे त्या अजून सांगतात. देश लहान, युद्धाला जेमतेम सहा महिने होत आलेले, युरोपातून एकही चांगली बातमी नाही आणि अशा वेळी आपल्या गावची पोरे जिंकून परत येतात. त्या मनोऱ्याबद्दल इथे जी माया आहे ती या दिवसातून आलेली आहे. तेव्हा त्यांनी दीव विसरले असे म्हणण्यापेक्षा, आपण त्यांना ते सांगितले नाही, असे म्हणणे मला अधिक न्याय्य वाटते.

दर्याकाठ

मीराताई, तुमचे म्हणणे पूर्णपणे मान्य आहे. 'सांगणारा भेटला नाही' हे मी तक्रारीच्या सुरात लिहिले असेल तर ती माझी चूक. सांगण्याचे काम आपलेच आहे.

गोलंदाज

पेशाने मी यंत्र अभियंता आहे आणि जहाजांवरच्या तोफा हा माझा अनेक वर्षांचा अभ्यासाचा विषय आहे, म्हणून थोडे खुलासे.

पहिला, शब्दाचा. मराठीत आपण सरसकट 'युद्धनौका' म्हणतो, त्यामुळे क्रूझर आणि बॅटलशिप यांतला फरक पुसला जातो. बॅटलशिप म्हणजे जाड चिलखत आणि सर्वांत मोठ्या तोफा असलेली नौका. लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियमसमोर १९६८ पासून १५ इंची दोन तोफा ठेवलेल्या आहेत, त्या खऱ्या अर्थाने बॅटलशिपच्या तोफा. एक 'रॅमिलीज'वर होती. दुसरी आधी 'रेझोल्यूशन'वर आणि नंतर 'रॉबर्ट्स' या मॉनिटर नौकेवर, म्हणजे किनाऱ्यावर मारा करण्यासाठी बांधलेल्या नौकेवर. एकेका तोफेचे वजन शंभर टन, गोळा जवळपास ८८० किलोंचा आणि पल्ला २९ किलोमीटरच्या घरात. त्यांच्यापुढे 'अकिलीस'ची तोफ लहान दिसेल. तिचा व्यास १५२ मिलिमीटर, नळीच्या पोकळीची लांबी साडेसात मीटरच्या थोडी वर, गोळा ५१ किलोंचा, पल्ला २३ किलोमीटरच्या आसपास.

लंडनच्या तोफांमधली एक गोष्ट या धाग्याशी थेट जोडलेली आहे. मोठ्या तोफेची नळी नौकेइतकी टिकत नाही. प्रत्येक बाराबरोबर दारूच्या जळत्या वायूंनी आतल्या पन्हळी झिजतात. १५ इंची तोफेचे आयुष्य पूर्ण भाराच्या सव्वातीनशे-साडेतीनशे बारांचे धरत. झिजली की नळी उतरवायची, नवे अस्तर घालायचे आणि पुढे ती ज्या नौकेला हवी तिच्यावर चढवायची. म्हणूनच 'रेझोल्यूशन'वर चढलेली तोफ १९४४ साली नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर 'रॉबर्ट्स'मधून आग ओकत होती. तोफ एकाच नौकेची असते ही आपली कल्पना आहे. तोफेच्या नोंदवहीत तसे काही नसते. दर्याकाठ यांनी जे 'दोन तृतीयांश' म्हटले आहे ते त्यामुळे मला भावनेचे वाटत नाही, साधे वस्तुस्थितीचे वाटते.

दुसरा खुलासा, आपण नेमके काय पाहतो याचा. जमिनीवर ठेवलेला मनोरा म्हणजे हिमनगाचे टोक. नौकेवर असताना त्याच्या खाली अनेक मजले असत: सर्वांत खाली दारूचे कोठार आणि गोळ्यांचे कोठार, तिथून वर माल चढवणारे पाळणे, मनोरा फिरवणारी यंत्रणा आणि ज्यावर तो फिरे ती रुळांसारखी गोल वाट. या तोफेत गोळा वेगळा आणि दारू वेगळी. गोळा आधी आत ढकलायचा, त्यामागे सुमारे १४ किलो कॉर्डाइटची थैली, मग तोफेचा मागचा दरवाजा फिरवून बंद करायचा आणि चाप. हा सगळा क्रम सराईत तुकडी दहा सेकंदांच्या आसपास पूर्ण करी. एका नळीमागे मिनिटाला सहा-सात गोळे आणि तेही डोलणाऱ्या नौकेवर.

आणि तिसरी गोष्ट, जी हात लावून पाहणाऱ्याने लक्षात घ्यावी. या मनोऱ्याचे चिलखत फक्त एक इंच जाडीचे आहे. कपच्या अडवण्यापुरते. 'ग्राफ श्पे'चा एकही गोळा थेट बसला असता तर आतले कोणी वाचले नसते आणि हे आत बसणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होते.

कोकणपट्टी

माहिती उत्तम आहे, पण मला एक प्रश्न सारखा टोचतो आहे. आपण तो मनोरा का दिला? तीन मनोरे होते. एक त्यांना दिला हे योग्यच झाले. दुसरा मुंबईत, गेटवेजवळ किंवा अपोलो बंदराच्या एखाद्या कोपऱ्यात ठेवता आला नसता का? दीव स्वतंत्र करणारी तोफ दीवमध्ये ठेवता आली नसती का? न्यूझीलंडसारख्या छोट्या देशाने बारा हजार किलोमीटरवरून लोखंड वाहून नेले आणि आपण आपल्या दारातली नौका भंगारात घातली.

'विक्रांत'चे तेच झाले. १९६१ ते १९९७ सेवा, २००१ पासून मुंबईच्या पाण्यात संग्रहालय, २०१२ साली ते बंद, २०१४ साली लिलाव आणि मग तोडणी. मी माझ्या मुलाला तिच्यावर घेऊन गेलो होतो. उड्डाणपट्टीच्या टोकाला उभे राहून त्याने मला विचारले होते, 'बाबा, विमान इथून पडत कसं नाही?' आज त्याच्या मुलीला दाखवायला माझ्याजवळ ती जागा नाही. नौदल गोदीजवळ तिच्या धातूतून घडवलेले स्मारक २०१६ साली उभे राहिले आणि पुण्याच्या बजाजने तिचे पोलाद मिसळून मोटारसायकल काढली, हे मला ठाऊक आहे. त्या मोटारसायकली लोकांनी अभिमानाने घेतल्या, त्यांच्या भावनेचा मी आदर करतो. पण वितळवलेल्या पोलादाला हात लावून कोणाला उड्डाणपट्टी दिसत नाही. दर्याकाठ यांना रंगाखालचा जोड बोटाला लागला, कारण ती वस्तू तीच होती.

दर्याकाठ

कोकणपट्टी, तुमची खंत माझीही आहे. मात्र वाय मनोरा दिला यात मला काही गैर वाटत नाही. ज्या देशाच्या त्या नौकेवर चार माणसे प्लेट नदीजवळ गेली आणि तेरा सॉलोमनजवळ गेली, त्या देशाला तिची आठवण हवीशी वाटली आणि आपण ती भेट म्हणून दिली. १९६९ साली 'दिल्ली' आपल्या शेवटच्या परदेश दौऱ्यात न्यूझीलंडला जाऊन आली होती. म्हणजे नऊ वर्षांनंतर जो मनोरा तिथे पोहोचला तो अनोळखी नव्हता. दोन नौदलांमध्ये इतकी सरळ आणि मनाची देवाणघेवाण क्वचितच झाली असेल.

दुसरा मनोरा मुंबईत किंवा दीवमध्ये ठेवायला हवा होता, हे शंभर टक्के खरे. अख्खी नौका जपणे किती खर्चाचे असते हे मला वडिलांच्या बोलण्यातून ठाऊक आहे. खाऱ्या पाण्यात उभी असलेली नौका रोज झिजते, तिच्या तळाचे पत्रे दर काही वर्षांनी गोदीत घेऊन पाहावे लागतात, पंप बंद पडले की ती बसते. म्हणूनच तोफ किंवा मनोरा जपण्याची कल्पना मला शहाणपणाची वाटते. जमिनीवर चौथरा बांधायचा, पाणी साचणार नाही असा उतार द्यायचा, नळ्यांची तोंडे बंद करायची आणि दर दोन-तीन वर्षांनी खरवडून रंग द्यायचा. हे काम एखादी नगरपालिकासुद्धा करू शकते.

क्वार्टरडेक७२

मी १९७२ ते १९७५ या काळात 'दिल्ली'वर खलाशी होतो. मूळ गाव मालवणजवळ. मराठीत टंकलेखन नातवाने शिकवले आहे, चुका झाल्या तर सांभाळून घ्यावे.

वाय मनोऱ्याची जागा नौकेच्या पिछाडीच्या डेकवर, ज्याला आम्ही क्वार्टरडेक म्हणायचो. नौदलात ती जागा देवळाच्या गाभाऱ्यासारखी मानतात. तिथे पाऊल ठेवताना सलाम करायचा, तिथे धावायचे नाही, तिथे सामान पसरायचे नाही. पाहुणे येत ते तिथेच, सकाळी झेंडा चढे तो तिथेच आणि या सगळ्यावर नजर ठेवून वाय उभा असे. त्यामुळे इतर मनोऱ्यांपेक्षा त्याची झिलई जास्त. पितळेचे जे जे होते ते सकाळी घासून आरशासारखे करायचे आणि दुपारपर्यंत खाऱ्या वाऱ्याने ते पुन्हा काळवंडायचे.

माझ्या काळात नौका बहुतेक प्रशिक्षणासाठी वापरली जाई, तरी तोफांचा सराव होई. सरावानंतर नळी साफ करायची असे. लांब दांड्याला चिंध्यांचा बोळा बांधून आम्ही आठ-दहा जण नळीच्या तोंडाशी उभे राहायचो आणि होडी ओढताना घालतात तशी हाळी घालून तो आत-बाहेर ओढायचो. पहिला बोळा बाहेर यायचा तो डांबरासारखा काळा, शेवटचा येईपर्यंत कापड पांढरे राहिले पाहिजे. तोपर्यंत सुट्टी नाही. कॉर्डाइटचा तो वास अंगाला दोन दिवस राहायचा, जेवणालासुद्धा यायचा.

आत किती गरम होते हे शब्दांत सांगणे अवघड आहे. उन्हाळ्यात मुंबईच्या बंदरात उभे असताना एक इंचाचा पत्रा बाहेरून तापायचा आणि आतल्या माणसाला भाकरीसारखे शेकून काढायचा. माझ्याबरोबर रत्नागिरीचा एक जण होता. तो म्हणायचा, 'ज्यांनी ही नौका बांधली त्यांना थंडी होती, ऊन ठाऊकच नव्हतं.' आम्हाला कोणी प्लेट नदीची गोष्ट शिकवली नव्हती. एका जुन्या मुख्य खलाशाने एकदा मनोऱ्यावर थाप मारून सांगितले होते, 'हिने जर्मन पाहिलाय आणि पोर्तुगीजही पाहिलाय, तुम्ही नीट पुसा.' एवढाच आमचा इतिहासाचा तास.

सत्यशोधन

क्वार्टरडेक काका, आपला प्रतिसाद दोनदा वाचला. असे लिहीत राहावे, ही विनंती.

मला धाग्यात थोडी वेगळी बाजू मांडायची आहे आणि ती कोणाचा अनादर करण्यासाठी नाही. तोफ हे माणसे मारण्याचे साधन आहे. ती सार्वजनिक जागी ठेवली की मुले तिच्यावर चढतात, लोक नळीखाली उभे राहून हसत फोटो काढतात आणि समोरच्या बाजूला कोण होते हा प्रश्न उरत नाही. १३ डिसेंबरच्या त्या दिवशी 'ग्राफ श्पे'वर ३६ जण मेले. कप्तान लांग्सडोर्फ यांनी आपल्या माणसांना दुसऱ्या, हरणाऱ्या लढाईत लोटायचे नाकारले, नौका बुडवली, खलाशांना ब्वेनोस आयरेसला सुखरूप पोहोचवले आणि मग स्वतःवर गोळी झाडून घेतली. त्यांची कबर तिथेच आहे. मोंटेव्हिडिओच्या समुद्रातून १९९७ साली 'ग्राफ श्पे'ची १५ सेंटिमीटरची एक तोफ वर काढली आणि ती तिथल्या सागरी संग्रहालयापाशी ठेवलेली आहे. म्हणजे एकमेकींवर धडाडलेल्या दोन नौकांच्या तोफा आज दोन वेगवेगळ्या देशांच्या किनाऱ्यांवर शांत पडल्या आहेत आणि त्यांतली एक मधल्या काळात तिसऱ्याच देशासाठी तीस वर्षे राबली. हे तिन्ही देशांच्या मुलांना एकत्र सांगितले, तर त्या तोफेचे स्मारक होते. एकाच देशाची बाजू सांगितली, तर ते विजयाचे चिन्ह होते.

दीवबाबतही हेच. गोवामुक्ती न्याय्य होती, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. साडेचारशे वर्षांची परकी सत्ता वाटाघाटींनी हलेना, तेव्हा ती मोहीम झाली. तरीही किल्ल्यात होते ते लिस्बनहून हुकूम आलेले शिपाई होते. लंडनमधल्या ज्या १५ इंची तोफांचा गोलंदाज यांनी उल्लेख केला, त्यांच्याच बागेत १९९९ साली दलाई लामांच्या हस्ते तिबेटी शांतिउद्यान सुरू झाले आणि दुसऱ्या महायुद्धात मेलेल्या सोव्हिएत नागरिकांचे व सैनिकांचे स्मारकही त्याच वर्षी उभे राहिले. तिथे तोफ पाहणारा माणूस दहा पावलांत दुसऱ्या विचारापाशी पोहोचतो. तोफेला असा शेजार मिळाला पाहिजे, असे मला वाटते.

गोलंदाज

सत्यशोधन, शेजाराचा तुमचा मुद्दा पटला. एक भर घालतो. ती लंडनची इमारत पूर्वी बेथलेम मनोरुग्णालय होती; संग्रहालय तिथे १९३६ साली आले. पहिल्या महायुद्धात तोफांच्या भडिमाराने मनावर आघात झालेल्या शिपायांची आठवण ज्याला आहे, त्याला त्या दाराशी तोफा ठेवलेल्या पाहून आत काहीतरी हलल्याशिवाय राहत नाही. मला तरी तसेच झाले.

दर्याकाठ

सत्यशोधन यांचे म्हणणे मी वडिलांच्या नजरेतून पाहण्याचा प्रयत्न केला. ते कधी तोफेच्या पराक्रमाबद्दल बोलले नाहीत. ते बोलायचे ते बेअरिंगबद्दल, गळणाऱ्या तेलाबद्दल, एखादा बोल्ट चार दिवस सुटला नाही आणि पाचव्या दिवशी रॉकेल पाजून सुटला त्याबद्दल. ज्या माणसांनी ती वस्तू वापरण्याजोगी ठेवली त्यांच्यासाठी तिथे दोन ओळी असाव्यात, यात पोर्ट्समथच्या गोदीत गेलेले ते चौदा कामगारही आले, एवढीच माझी मागणी आहे. मी तिथल्या नौदल संग्रहालयाला पत्र लिहायला घेतले आहे: मनोरा मुंबईतून कसा आला, दीवला नौकेने काय केले आणि मधली तीस वर्षे तिच्यावर कोण होते, हे जितके नोंदींवरून सिद्ध करता येईल तितकेच त्यात लिहीन. क्वार्टरडेक काका, तुमची परवानगी असेल तर नळी साफ करण्याचा तुमचा परिच्छेद इंग्रजीत करून सोबत जोडावा असे वाटते.

क्वार्टरडेक७२

जरूर जोडा. नाव नको, फक्त 'एक खलाशी' लिहा.

मीराताईंना एक विनंती आहे. मी आंतरजालावर त्या मनोऱ्याची पुष्कळ छायाचित्रे पाहिली, सगळी समोरून काढलेली आहेत, दोन्ही नळ्या पाहणाऱ्याकडे रोखलेल्या. आम्ही त्याला समोरून फार थोड्या वेळा पाहिले. आमचे येणे-जाणे, बसणे, घासणे, शिव्या खाणे, सगळे मागच्या बाजूला. जमले तर मागून एक छायाचित्र काढून इथे टाकाल का?

मीरा_नॉर्थशोअर

काका, शनिवारी सकाळच्या फेरीने जाते. मागच्या बाजूला उन्हे कधी येतात ते मला माहीत आहे.